तात्पर्याचे दोन मार्क

“यंदा सिंह किती, मॅडम?” अभयनं दारातूनच विचारलं.

“तीन,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “लाकूडतोडे दोन. कावळा एक. बाकीचे कागद अजून उघडले नाहीत. धीर होत नाही.”

शहागंजातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारचा गोष्टींचा वर्ग सुटत आला होता. मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचं एक छोटं पुस्तक निघायचं होतं. वाचनालय सांभाळणाऱ्या अभयला ते कागद एक वाजता छापखान्यात द्यायचे होते. महिनाभर बाईंनी मुलांना एकच सांगितलं होतं, जंगलात जाऊ नका, घरातलं लिहा. मुलांनी माना डोलावल्या आणि ती जंगलातच गेली.

“माझी झाली,” आकाशनं कागद पुढं केला. “तात्पर्य दोनदा लिहिलंय मॅडम. लई भारी आलंय.”

बाईंनी कागद गठ्ठ्यावर ठेवला. एकतीस वर्षं शाळेत फळ्यावर मुद्दे लिहून दिले. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. आता या वयात गुडघे धरून हा जिना चढायचा, आणि वर येऊन पुन्हा तोच सिंह. पुढच्या शनिवारपासून जमणार नाही, असं आज अभयला सांगून टाकायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

मुलं धडधडत खाली गेली, त्यांच्यामागून अभयही. बाकावर एकटी लाइबा उरली. पाचवीतली. तिच्या वहीत नुसते मुद्दे होते.

पाण्याचा दिवस – पैठणला लग्न – दादी – नळ – जेवणं उठली –

“आणि गोष्ट कुठंय?”

“गोष्ट सुचली नाही.”

“मग हे काय आहे?”

“हे तर खरं झालेलं आहे.”

बाई तिच्या समोर बसल्या. “सांग बरं. काय झालं?”

“पाणी आठ दिवसांनी येणार होतं. त्याच दिवशी पैठणला दादीच्या बहिणीच्या नातीचं लग्न. घरी कुणी तरी थांबायला पाहिजे ना? दादी म्हणाली, तुम लोगां चलो, मैं पानी भरके आती. नवी साडी नेसूनच नळापाशी बसली.”

“मग?”

“पाणी चार वाजता आलं. तोवर तिकडं जेवणं उठली.”

“आणि दादी?”

“आम्ही आलो तर सगळं भरलेलं. ड्रम, हंडे, पातेली. माझी शाळेची बाटली पण. दादी तशीच बसलेली, अत्तर लावून. मला म्हणाली, दुल्हन कैसी दिख री थी, बोल.”

गुडघा चोळणारा बाईंचा हात थांबला.

“हीच लिही,” त्या म्हणाल्या. “जशी सांगितलीस तशीच.”

“पण मॅडम, हिच्यातून तात्पर्य निघत नाही. लई बघितलं मी.”

“नको तात्पर्य.”

“अम्मी म्हणते, दोन मार्क जातात.”

“इथं मार्कच नाहीत.”

नळाला रोज पाणी येतं असं कुणी सांगावं, तसं लाइबानं त्यांच्याकडं बघितलं.

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला वर आली. भाजीची पिशवी दाराशी टेकवून ती क्षणभर बाईंकडं बघत राहिली.

“सलाम, बाई. ओळखलं नाही ना? शमशाद. सातवी ब.”

“दुसरा बाक,” बाई म्हणाल्या. “खिडकीकडचा. डाव्या हातानं लिहायचीस, कोपरापर्यंत शाई.”

“अल्ला, सगळं आठवतंय तुम्हाला!”

“आणि आता पोरीला तात्पर्याचा धाक घालतेस होय गं?”

“तुम्हीच शिकवलं की बाई!” शमशाद हसली. “माझे कापले होते ना तुम्ही दोन मार्क. घरचीच काही तरी गोष्ट लिहिली होती मी, अन् तात्पर्यच नव्हतं. तुम्ही खाली लाल शाईनं लिहून दिलं. अजून पाठ आहे. प्रयत्नांती परमेश्वर.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेतला पाढा म्हणून दाखवावा तसं तिनं ते म्हणून दाखवलं.

“गोष्ट कोणती होती?” बाईंनी विचारलं.

शमशाद आठवू लागली. “अब्बांचं काही तरी होतं. अब्बा, त्यांची सायकल... का दुकानातलं काही...” तिनं मान हलवली. “नाय आठवत. विचारावं तर आता अब्बाही नाहीत.” मग एकदम म्हणाली, “तुम्हाला असेल ना आठवत? तुम्हाला तर बाकसुद्धा आठवतो.”

बाईंनी डोळे मिटले. खिडकी दिसली. खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड, टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा, दौतीतली लाल शाई. पानाच्या तळाशी स्वतःचं वळणदार अक्षर दिसलं. वरचं सगळं पान कोरं होतं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या.

पंखा कुरकुरत होता.

“मॅडम, एक वाजला,” खालून अभयची हाक आली. “गठ्ठा बांधू का?”

“थांब जरा,” म्हणत बाई उठून शमशादजवळ गेल्या.

लाइबानं एकदा अम्मीकडं बघितलं, एकदा बाईंकडं. मग वही जवळ ओढली आणि खाली मान घालून लिहायला लागली. परीक्षेत शेजारच्यानं बघू नये म्हणून मुलं करतात, तसा तिनं पानाभोवती हाताचा आडोसा केला होता. दोघी जिथं उभ्या होत्या, त्याच बाजूला.