खाडीचा जिताडा

“हा जिताडा खाडीचा का?” मास्तरीणबाईंनी मासा हातात घेऊन, त्याचा कल्ला उघडून बघत विचारलं.

“छे, भर समुद्रातला!” मासळीवाल्या धाकलीबाईने सवयीने ठोकून दिलं. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास येई, म्हणून अख्खा बाजार हेच खोटं बोले. सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प यंदा कुठे धड चालू झाला आणि आज नवऱ्याला खाडीत जिताडा लागला. हाही खपला नाही तर जाळंच विकतो, म्हणाला होता.

बाईंनी मासा खाली ठेवला. “मग नको. आमच्या ह्यांना खाडीचाच हवा, खरी चव त्यालाच म्हणतात.”

“खाडीचाच हाय, बाय! जिभेला खोट्याची सवय लागलीय. हुंगून बघा.”

बाईंनी हुंगलं. नुसता चिखलाचा वास. हसत त्यांनी पिशवी उघडली.

धाकलीबाईचा जीव भांड्यात पडला. “पन आता भाव खाडीचा लागंल हां!”