कुंकू लागलेली फ्लॉपी

एकोणनव्वद साली भालकीत माझ्या क्लासात दोन कॉम्प्युटर होते. जुन्याची फ्लॉपी नव्याला वाचता यायची नाही. दोघांची लिहायची रीतच वेगळी. पिराजी जुन्यावर शिकवायचा. श्रावणात तो वारला, मागं त्याची एक फ्लॉपी तेवढी राहिली.

खंडेनवमीला त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, दोन्ही मशिनींची पूजा केली. फ्लॉपीलाही कुंकू लावलं, तेही नेमकं पाकिटाच्या फटीतून आतल्या काळ्या चकतीवर.

"अक्का, वाया घालवली की!" मी वैतागलो. "आता आतलं लिहिलेलं पुसून नव्याला वापरतो."

"पुसू नका, अण्णा. त्यांचं काम हाय त्यात."

"कोण वाचायलंय ते आता?"

दसरा झाल्यावर मी फ्लॉपी नव्या मशिनीत घातली. वाचता येत नाही, पुसू का, असं मशिनीनं पडद्यावर विचारलं. मी बटण दाबणार, तोच मागं जुन्या मशिनीची घरघर सुरू झाली. लाल दिवा लागला.

तिची वायर पूजेच्या दिवशी काढलेली. अजून गुंडाळून झेंडूच्या माळेखाली पडली होती.

"अक्का, तुम्ही चालू केलं?"

"न्हाई." ती दारातच उभी होती. "वाचायलेत ते."

मी चिडून फ्लॉपी बाहेर ओढली. घरघर थांबली नाही. जुन्या मशिनीत वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

मग माझ्या अंगठ्याखाली काहीतरी सरकलं.

फटीत कुंकवाचा ठिपका दिसला, गेला, परत दिसला. घरघरीच्या तालावर, माझ्या हातात, चकती फिरायली होती.