बॅटरीच्या मेणबत्त्या

“एकही ज्योत नको,” पोपटराव म्हणाले. “टेबलावर नको, स्टेजवर नको, दारातसुद्धा नको.”

सजावटवाल्या मच्छिंद्रने चैतालीकडे पाहिलं. वाघोलीच्या त्या लॉनवर त्याने नमुन्याचं एक टेबल नुकतंच मांडून दाखवलं होतं. पांढरं कापड, मध्ये काचेचा उंच पेला, पेल्यात जाड मेणबत्ती. चैतालीला रिसेप्शनसाठी अगदी हेच हवं होतं.

“पप्पा, सकाळी लग्न लागताना बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणारच ना आपण? मग संध्याकाळी काय बिघडतं?”

“इथे वारा असतो.”

“काच आहे की.”

“काच तापते.”

पप्पा असं बोलायला लागले की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. पण जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा माणूस पटण्याजोगं कारण दिल्याशिवाय कधी ‘नाही’ म्हणत नसे. तिने रोहनचं नाव सांगितलं तेव्हाही त्यांनी एक संध्याकाळ विचार केला आणि होकार दिला होता.

रोहनच्या घरून मात्र होकार आला नव्हता. हडपसरला त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पण घरातली पाटीलकी तशीच राहिली. “त्या घरातली पोरगी करायची असंल, तर ह्या घरात पाय ठेवू नको,” असं वडलांनी, दत्तोबांनी, त्याला सुनावलं होतं. तेव्हापासून तो धायरीला भाड्याने राहत होता. आई, आनंदीबाई, अधूनमधून चोरून फोन करायची. वडलांशी एक शब्दही झाला नव्हता.

मेणबत्तीचा हट्ट चैतालीने उगाच धरला नव्हता. ती आणि रोहन एकाच कंपनीत होते. एका संध्याकाळी ऑफिसजवळच्या हॉटेलात जेवत असताना वीज गेली. वेटरने बशीत मेणबत्ती चिकटवून आणली, आणि त्या उजेडात रोहनने तिला लग्नाचं विचारलं. अगदी घाबरत घाबरत.

मच्छिंद्रने पर्याय काढले. पाण्यात तरंगती फुलं. बाटलीत बारीक दिव्यांची माळ. नाहीतर बॅटरीच्या मेणबत्त्या. “चायनाच्या आहेत मॅडम. ज्योत हलतेसुद्धा. लांबून खऱ्याच वाटतात.”

“लांबून,” चैताली म्हणाली.

“पाहुणे लांबूनच बघतात,” पोपटराव म्हणाले आणि बॅटरीच्या मेणबत्त्या सांगून मोकळे झाले. सोबत निशिगंध. मग केटररला बोलावून त्यांनी डोशाचे तवे भिंतीपलीकडे न्यायला लावले.

चैतालीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई, शालन, मध्ये पडली नाही. “मलाही सांगत नाहीत गं,” ती म्हणाली. “शब्द दिलाय म्हणतात. कुणाला, तेही नाही.”

लग्न सकाळी साधेपणाने झालं. संध्याकाळी लॉन माणसांनी भरलं. टेबलांवर पिवळट ज्योती एकाच लयीत हलत होत्या. चैतालीच्या टीममधल्या अक्षताने एक उचलली, उलटी केली, खालचं बटण दाबून बघितलं. “क्यूट आहे यार. बॅटरी ऑपरेटेड!” चैताली हसली, पण तिला रडू येत होतं. तिने पप्पांना शोधलं. ते स्टेजजवळ नव्हते, जेवणाकडेही नव्हते. फाटकापाशी उभे राहून ते नुसते नगर रोडकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने एक जुनी सुमो आत आली. रोहनने ती ओळखली आणि तो स्टेजवरून धावतच खाली उतरला. चैताली शालू सावरत त्याच्या मागे गेली.

गाडीचं दार उघडं होतं. आनंदीबाई खाली उतरल्या होत्या. दत्तोबा आतच बसले होते. डोक्याला फेटा, अंगावर पांढरा सदरा. नाकाला नळी, आणि गुडघ्यांमध्ये धरलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर.

“हे कधीपासून?” रोहनने नळीकडे बघत विचारलं.

“दिवाळीपासून,” आनंदीबाई म्हणाल्या. “तुला सांगू देत न्हवते.” मग त्यांनी पोपटरावांकडे बोट केलं. “ह्यांस्नी ठावं होतं. पत्रिका घिऊन आले होते. आमच्या मालकांनी घरात बी घेतलं न्हाई. दारातनंच म्हटले, ह्या नळीपायी मला जाळ आसंल तिथं येता येत न्हाई, आन् पोराला ह्यातलं काय कळता कामा न्हाई. हे म्हटले, बरं. आन् गेले. आज मातुर मालक म्हटले, गाडीतनंच लांबनं बघू.”

चैतालीने पप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

दत्तोबा गाडीतूनच टेबलांकडे डोळे बारीक करून बघत होते. “तिथं तर मेणबत्त्या हायत,” ते म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता.

“बॅटरीच्या आहेत,” पोपटराव म्हणाले. “डोशाचे तवेसुद्धा भिंतीपलीकडे ठेवलेत. तुमचं एक कारण आम्ही मिटवलं. दुसरं असेल तर सांगा, नसेल तर उतरा. लोक जेवायचे थांबलेत.”

रोहनने हात पुढे केला, पण दत्तोबांनी तो लगेच धरला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं, शालूतल्या सुनेकडे पाहिलं. दुसरं कारण त्यांच्यापाशी होतं. गेलं वर्षभर ते सगळ्या भावकीत मोठ्याने सांगत आले होते. ते त्यांच्या ओठापर्यंत आलं असावं, कारण तोंड उघडून ते तसेच थांबले.

मग त्यांनी गुडघ्यांमधला सिलिंडर दोन्ही हातांनी उचलला आणि रोहनला ओलांडून पोपटरावांपुढे धरला.

“हे जरा धरा, व्याही.”