चपला सांभाळणारी

दरसाल रिसोडच्या जत्रेत इंद्रभान लेकीला घेऊन आकाशपाळण्यात बसायचा आणि त्याची बायको पंचफुला खाली दोघांच्या चपला धरून उभी राहायची. अठ्ठ्याहत्तर साली मात्र ती हटूनच बसली.

“यंदा मले बी वर न्या. तेच ते किती पाहू?”

“मंग चपला कोन सांभाळीन?” इंद्रभान हसला.

तिन्ही जोड खांबापाशी ठेवून तिघं बसली. पाळणा सावरीच्या कापसासारखा अलगद वर तरंगला.

लेकीनं सवयीनं खाली हात हलवला. “माय!”

शेजारी बसलेल्या पंचफुलानं वाकून पाहिलं. खाली खांबापाशी तिच्यासारख्याच हिरव्या लुगड्यात पंचफुलाच उभी होती, हात हलवत. चपलांचे दोन जोड काखेत, तिसरा पायात.

पाळणा टेकला. लेक उतरून त्या खालचीकडे पळाली, मागोमाग इंद्रभान. पाळण्यातली पंचफुला उठायच्या आत पाळणा पुन्हा वर निघाला.

इंद्रभान खालचीला म्हणत होता, “पुढल्या साली तुले बी बसवतो बरं!”