दादाची उडी
दादा बायकोचं नावसुद्धा विसरला होता, पण व्हिडिओ गेमची जॉयस्टिक हातात दिली की त्याची बोटं हिरोला खड्ड्यांवरून बिनचूक उडवायची. जुना गेम बंद पडला तेव्हा धाकट्या बहिणीने जंग जंग पछाडून परदेशातून तसाच मागवला. चित्रं तीच, गाणं मात्र घाईघाईने वाजू लागलं. आपल्या देशातल्या टीव्हींसाठी काढलेला जुना गेम मुळात संथ चालायचा, हे तिला आत्ता कळलं. दादा जुन्या तालात उडी मारायचा आणि पहिल्याच खड्ड्यात पडायचा. दहाव्यांदा पडल्यावर त्याने जॉयस्टिक तिच्या मांडीवर ठेवली. "छकुले, मला नाही गं येत." "अरे, हा गेमच वेगळा आहे!" महिन्याभराने मेकॅनिकने जुना गेम जिवंत केला. तेच संथ गाणं वाजलं. तिने जॉयस्टिक पुढे केली. दादाने हात मागे घेतला. "तुम्हीच खेळा, बाई. मला ते येत नाही."