कडक बंदोबस्त

काकांनी महिनाभर घोळ घालून घरच्या कॉम्प्युटरला सगळ्यात कडक फायरवॉल बसवली. तेव्हापासून काकूंनी काहीही उघडायला घेतलं, की ती आधी विचारायची, "परवानगी द्यायची का?" 'हो' दाबून दाबून काकू पार जेरीस आल्या. काका मात्र फायरवॉलचं कौतुक सांगायला शेजारी गेले, ते घराचं दार सताड उघडं टाकूनच. चोराने अख्खा कॉम्प्युटर उचलून नेला.

दोनच दिवसांत बेल वाजली. कॉम्प्युटर काखोटीला मारून चोर दारात उभा, अगदी रडकुंडीला आलेला. "काकू, काय हो हे! श्वास घेतला तरी परवानगी मागतोय. नको मला. आत आणून ठेवू?"

काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"परवानगी नाही!"