शनिवारी औंढ्याला

“आई, शनिवारी औंढ्याला जायचं ठरवलं हाय,” फोनमधून सपना म्हणाली, आणि जनकाबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

स्पीकरवर लावलेला फोन खरखरत होता. स्पेनहून निघालेला पोरीचा आवाज औंढ्याला पोचेपर्यंत अर्धा वाटेतच सांडतो, याची जनकाबाईंना सवय होती. पण हे वाक्य त्यांनी नीट ऐकलं होतं. मेथी निवडू लागायला आलेल्या शेजारच्या हाजराबीनंही ऐकलं होतं. दोघी साक्षीदार असल्यावर शंकेला जागा कुठली?

नोकरीसाठी तिकडं मालागा शहरात गेल्यापासून सपना एकदाही घरी आली नव्हती.

“जायचं काय म्हणतीस गं? यायचं म्हण,” जनकाबाई म्हणाल्या. जरा दरडावूनच.

सपनाला ते ऐकू गेलं नसावं. ती आपल्याच नादात होती. “सकाळच्या रेल्वेनं जाईन. मधी एकदा गाडी बदलावी लागते. दुपार व्हायच्या आत तिथं.”

औंढ्याला रेल्वे नाही. हिंगोलीला उतरायचं आणि यष्टी धरायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जनकाबाई बुचकळ्यात पडल्या. हाजराबीनं हिशेब लावून दिला, “विमानातून उतरून रेल्वे, रेल्वेतून उतरून यष्टी. गाडी बदलायची म्हंजे तेच की. बराबर हाय.”

“समदे म्हणतात, एकदा तरी बघून ये,” सपना सांगत होती. “खोल दरी हाय, तिच्यावर दगडी पूल. खाली बघितलं की डोळे फिरतात म्हणं.”

औंढ्यात असा पूल? इतकी वर्षं अंगणवाडीतली लेकरं गोळा करत साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण डोळे फिरतील असा पूल काही जनकाबाईंना दिसला नव्हता.

“नवीन रोडचा आसंल,” हाजराबी ठामपणे कुजबुजली. “मोबाइलमधी तिकडच्या लोकांला आधी दिसते. आपण काय, इथंच ऱ्हातो.”

जनकाबाईंनी पूल सोडून दिला. त्यांच्या डोक्यात पलंगावरची चादर आली, खारं वांगं आलं, शनिवारची रजा कोणाकडं मागायची तेही आलं.

“आन् परत कधी?”

“संध्याकाळच्या गाडीनं.”

“त्याच दिवशी? एक रात तरी ऱ्हाय की, माय!”

“राहून काय करू, आई?” सपना सहज म्हणाली. “तिथं कोण हाय माझं?”

जनकाबाईंना राग आला नाही, इतकं ते लागलं. त्यांनी मेथी बाजूला सारली.

हाजराबीला मात्र राग यायला वेळ लागत नाही. तिनं फोन ओढून घेतला. “काहून गं सपने? कोण हाय म्हंजे? माय हाय ना तुझी!”

“रोंड्याला?” सपनाही चक्रावली. “खाला, आई कशाला आसंल रोंड्याला? ते इकडं हाय, स्पेनमधी. रोंडा. डोंगरावरचं गाव हाय, बघायला जातात लोक.”

“रोंडा,” हाजराबीनं तोंडात घोळवून बघितलं. “औंढा. रोंडा. या अल्ला!”

मग घोटाळा सपनाच्या ध्यानात आला आणि ती खोकला येईपर्यंत हसली. हाजराबी हसली. जनकाबाईही हसल्या. हसण्याच्या निमित्तानं डोळे पुसता आले, तेही बरंच झालं. लेकीनं औंढ्याला परकं केलं नव्हतं, याचा जीवाला केवढा आनंद झाला. आणि शनिवारी ती येत नव्हती. दोन्ही एकदमच कळल्यावर माणूस काय करणार? त्यांनी पुन्हा मेथी पुढं ओढली.

“मंग सांग तरी, कसा हाय तुझा रोंडा?”

सपना सांगू लागली आणि जनकाबाई एकेक विचारू लागल्या. पुलाखाली नदी हाय का नुसतं कोरडं? घरं पांढरी म्हंजे चुन्याची का? बायका शेतात जातात का? गाडीतून काय काय दिसतं?

“ऑलिव्हची झाडं, आई. डोंगरच्या डोंगर.”

“ते काय आसते?”

“जैतून!” इतका वेळ कसंबसं तोंड आवरून बसलेली हाजराबी म्हणाली. “हजहून येणारे तेल आणतात त्याचं. गुडघ्याला लई चांगलं.”

“मंग खिडकीत बस,” जनकाबाई म्हणाल्या. “दरी कोणत्या बाजूला येते ते आधी इचारून घे. नाहीतर दरी एकीकडं आन् तू एकीकडं. बरोबर धपाटे ने. कोणी हाय का सोबत?”

“एकटीच हाय.”

मध्येच खरखर थांबली. सपनाचा आवाज एकदम स्वच्छ आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

“आई, तुला खरंच वाटलं, मी शनिवारी घरी येऊन राहिले म्हणून?”

“वाटलं तर वाटलं. वाटायला काय तिकीट लागते का?”

सपना म्हणाली, “मी आसं करते. पुलावर उभी ऱ्हाते आन् व्हिडिओ लावते. दाखवते तुला समदं.”

“पुलावरून नको,” जनकाबाई म्हणाल्या. “गाडीतून उतरल्या उतरल्या, टेशनातच लाव. तुला घ्यायला कोणीतरी आलेलं पाहिजे.”